पाण्यातला आवाज आणि आपला वाद

अक्का,

कॉलेजात तुमची शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, अक्का फार शांत स्वभावाच्या. कुणी म्हणालं, त्यांनी कधी कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही. नाना माझ्या शेजारी बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "इरफान, हे कोणाबद्दल बोलून राहिले?"

मला हसू आलं. आवरेचना. शोकसभेत हसणारा मी एकटाच, आणि मला हसवणारा तुमचा नवरा. प्राचार्यांनी मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मानेनेच नाही म्हटलं. तिथे काय बोलणार होतो? माझं बोलणं तुमच्याशी असायचं, आणि आपलं बोलणं म्हणजे भांडण. समोरून उत्तर येत नसताना भांडायची मला सवय नाही. ती आता करून बघतो.

पहिल्या दिवसापासून सांगतो. मी जळगावला फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये रुजू झालो. तुम्ही विभागप्रमुख. चहा पिता पिता विचारलंत, "पीएचडी कशात केलीस?"

"ऑप्टिकल फायबरने पाण्यातला आवाज पकडण्यात, मॅडम."

तुम्ही कप खाली ठेवलात. "पाण्यातला आवाज? मग मी काय आयुष्यभर भजी तळली?"

मला काही उमगेना. तुम्ही उठून कपाट उघडलंत आणि जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेला एक काळा, मुठीएवढा डबा माझ्यापुढे ठेवलात. तुमचा हायड्रोफोन. म्हणजे पाण्यात सोडायचा मायक्रोफोन. तरुणपणी, तुमच्या स्वतःच्या पीएचडीसाठी तुम्ही हाताने बनवलेला. आत सिरॅमिकची चकती. पाण्यातून आवाज आला की चकतीवर दाब पडतो, दाब पडला की तिच्यातून अगदी बारीक वीज निघते, ती वायरीने वर येते आणि आपल्या कानात तिचा आवाज होतो. तीस-पस्तीस वर्षांचा तो डबा अजून चालत होता. त्यावर धूळ नव्हती.

"आता तुझं सांग," तुम्ही म्हणालात.

मी सांगितलं. केसासारखा काचेचा धागा. एका नळीवर तो गुंडाळायचा, त्यातून लेझरचा प्रकाश सोडायचा. पाण्यातला आवाज नळीला किंचित दाबतो, किंचित सोडतो, त्याबरोबर धागा ताणला जातो आणि प्रकाशाला पोचायला लागणारा वेळ जरासा बदलतो. दुसऱ्या एका धाग्यातून तसाच प्रकाश पाठवायचा, पण त्याला आवाजापासून लांब ठेवायचं. दोन्ही प्रकाश शेवटी एकत्र आणले की फरक दिसतो. तो फरक म्हणजेच आवाज.

"म्हणजे पाण्यात वीज अजिबात जात नाही?"

"नाही."

"नुसता उजेड?"

"नुसता उजेड."

"आणि त्या उजेडाकडे बघून तू मला सांगणार, की पाण्यात बेडूक ओरडला?"

"हो मॅडम."

"थापा नको मारू," म्हणालात, आणि उरलेला चहा एका घोटात संपवलात. डोळे मात्र चमकत होते. ते का, हे मला तेव्हा उमगलं नाही, पुढे कळलं. तुम्हाला कित्येक वर्षांनी भांडायला कुणीतरी मिळालं होतं.

आपल्या खानदेशात समुद्र नाही, बंदर नाही. उन्हाळ्यात तापीच्या वाळूत म्हशी बसतात. अशा ठिकाणी दोन माणसं पाण्याखालचं ऐकायला निघाली, याचं आपल्या सहकाऱ्यांना कोण हसू! तुम्ही मला असोद्याला तुमच्या शेतावर नेलंत. केळीच्या बागेमागे नानांचं शेततळं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, हिरव्या पाण्याने काठोकाठ भरलेलं. "हा आपला समुद्र," तुम्ही म्हणालात. नानांनी मला विहिरीचं गार पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "कॉलेजात मॅडम म्हण. इथं सगळे अक्का म्हणतात." त्या दिवसापासून मी कॉलेजातही अक्काच म्हणू लागलो. तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत.

धागा गुंडाळायचं यंत्र आपल्याकडे नव्हतं. एकसारख्या ताणाने गुंडाळला नाही तर तो तुटायचा, नाहीतर सैल राहायचा. एकदा मी घरी ही तक्रार करत होतो आणि तुम्ही आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा खायला आल्या होत्या. माझे अब्बा शिंपी. तुम्ही वाटी हातात घेऊनच दुकानाच्या बाजूला गेलात, शिलाई मशीनवर बॉबिन भरायची चकती बघितलीत आणि म्हणालात, "अरे, हे काय आहे मग?" पुढचे दोन महिने अब्बांच्या जुन्या मशीनने आपला काचेचा धागा गुंडाळला. अब्बा चार गिऱ्हाइकांना सांगायचे, की माझं मशीन आता लेझर शिवतं. अम्मीला तुम्ही इतक्या आवडलात, की त्यानंतर आपल्या दोघांच्या प्रत्येक वादात ती आधीच तुमच्या बाजूने असायची. वाद कशाचा आहे हे तिने कधी विचारलं नाही.

पहिली चाचणी साफ फसली. मी धागा भरीव दांड्यावर गुंडाळला होता, मजबूत राहावा म्हणून. तळ्यात सोडला, कानाला हेडफोन लावले, तुम्ही काठावरून पाण्यात लोखंडी सळईवर हातोडी मारत होतात. मला काही म्हणजे काही ऐकू येईना. तुमच्या सिरॅमिकला प्रत्येक ठोका खणखणीत ऐकू येत होता.

"ढोल आतून भरून टाकलास तर वाजेल का रे?" तुम्ही काठावरूनच ओरडलात. "पोकळ घे! पातळ घे! त्याला दबायला जागा ठेव!"

मी चिडलो. म्हटलं, पोकळ नळी खोल पाण्यात चेपेल. तुम्ही म्हणालात, आधी उथळात ऐकून दाखव, मग खोलाची भाषा कर. मी पोकळ, पातळ भिंतीची नळी घेतली. आवाज आला. आणि दुपारी ऊन चढलं तसा पार वाहून गेला. पाणी तापलं की काच प्रसरण पावायची, सगळं मोजमाप सरकायचं. तुम्ही केळीच्या सावलीत बसून दात काढत होतात. मला रडू फुटायचं बाकी होतं. हसणं झाल्यावर तुम्ही पदराने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "तुझा दुसरा धागा कुठंय? वर, सावलीत, डब्यात? मग एकाला उन्हात उभं करायचं आणि दुसऱ्याला घरात झोपवायचं, आणि दोघांत फरक पडला म्हणून रडायचं? दोघांना सारखंच ऊन लागू दे ना."

दुसरा धागा मी जाड पितळी नळीत घालून पहिल्याच्या पोटात बसवला. पाणी तापलं तर दोन्ही तापतील, पण आवाज आतल्याला पोचणार नाही. पुढच्या रविवारी भर दुपारी हेडफोनमध्ये मला असा धबधबा ऐकू आला, की वाटलं तळ्यात म्हैस उतरली. मान वर केली तर पलीकडच्या काठावर नाना पाय धूत होते.

मी नाचलो. अक्षरशः नाचलो, अक्का. तुम्ही हेडफोन ओढून घेतलात, बराच वेळ ऐकलंत आणि नानांना म्हणालात, "परत धुवा." नानांनी परत धुतले. "परत." नाना बिचारे पाच-सहा वेळा पाय धूत राहिले. शेवटी तुम्ही हेडफोन माझ्या हातात दिलात. "बरं आहे," म्हणालात. "पण माझ्याएवढं नाही."

ते खरंही होतं. तळ्यावर तुमचा हायड्रोफोन माझ्यापेक्षा चांगला चालायचा. निदान शेजारच्या विहिरींवरच्या मोटारी बंद असेपर्यंत. मोटारी सुरू झाल्या की तुमच्या हेडफोनमध्ये विजेची घरघर भरायची, आणि तुम्ही म्हणायच्या, "ते सोड, ते बाहेरचं आहे." मी म्हणायचो, खानदेशात मोटारी बंद असलेलं पाणी मला दाखवा. तुम्ही विषय बदलायच्या.

मग तो उन्हाळा आला.

पारोळ्याकडचं तुमचं माहेर. तिथल्या चार-पाच गावांना धरणाच्या फुगवट्यातून पाणी जायचं. पाण्यात एक विहीर बांधलेली, तिच्यात पंप, तिथून तळावरून काठापर्यंत पाइप आणि पुढे टेकडीवरच्या टाकीत. त्या वर्षी पंप पूर्ण जोराने चाले, पण टाकी काही भरेना. जमिनीवरचा पाइप लोकांनी जागोजागी उकरून पाहिला, कुठे थेंब नाही. म्हणजे फुटला होता तो पाण्याखाली, आणि पाण्यात पाणी मिसळल्यावर वर काय दिसणार? गढूळ पाणी, खाली चिखल. भोई मंडळी बुड्या मारून हाताने चाचपडत होती. गावात टँकर यायचा तेव्हा तुमच्या थोरल्या वहिनी गुडघे धरत रांगेत उभ्या राहायच्या. तुमच्या भावाचा, आबांचा, फोन आला तेव्हा तुम्ही डिपार्टमेंटमध्येच होतात. फोन ठेवलात आणि माझ्याकडे बघितलंत.

"दाबाखालचं पाणी फटीतून बाहेर पडतं तेव्हा आवाज होतो," तुम्ही म्हणालात.

"होतो."

"उद्या जायचं. दोन्ही घेऊन."

सुकलाल भोईंची नाव होती. तुम्ही साडी खोचून, नानांची टोपी घालून नावेत चढलात. काठावर अर्धा गाव. आबा हातात छत्री घेऊन उभे होते, उघडायचं विसरून. मी माझी पेटी उघडायला लागलो तर तुम्ही हात आडवा केलात. "मी मोठी. आधी माझं."

सुकलालभाऊ हळूहळू वल्हवत होते, तुमचा डबा पाण्यात, तुमचे डोळे मिटलेले. पाइपाच्या शेजारूनच पंपाची विजेची जाड केबल गेली होती. विहिरीपासून काठापर्यंत आपण एकदा गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तुमच्या कपाळावरून घाम गळत होता. सुकलालभाऊ म्हणाले, "आठे काहीच नही शे का, अक्का?" तुम्ही हेडफोन काढून माझ्या कानाला लावलात. सगळीकडे एकच घूंऽऽ. केबलची वीज. बाकीचं सगळं तिच्याखाली बुडालेलं.

तुम्ही तुमचा डबा वर ओढलात, पदराने पुसलात आणि मांडीवर ठेवलात. मग म्हणालात, "टाक तुझं."

ते दोन शब्द तुम्हाला किती जड गेले असतील, ते मला माहीत आहे. तुम्ही आवाज जराही हलू दिला नाहीत.

मी काचेचा धागा पाण्यात सोडला. त्याच्यात वीजच नाही, तर केबल कितीही घरघरो, त्याला काय. पहिल्यांदा पंपाची धडधड आली. मग वल्ह्याचं पाणी. मग बराच वेळ तेवढंच. विहिरीपासून निघून आपण निम्म्याच्या पुढे आलो असू, आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा एक बारीक, सलग आवाज त्या धडधडीमागून वर यायला लागला. सूंऽऽ. मी हात वर केला. नाव पुढे गेली, आवाज वाढला. आणखी पुढे गेली, उतरला. मागे घ्यायला सांगितलं, पुन्हा चढला. मी हेडफोन तुम्हाला दिले.

तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी कपाळाला आठी, मग आठी मोकळी. मग तुम्ही नावेत उभ्याच राहिलात, नाव डगमगली, सुकलालभाऊ ओरडले, आणि तुम्ही दोन्ही हात वर करून माहेरच्या बोलीत काठापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलात, "जितना तू! इरफान, जितना!" जिंकलास तू, जिंकलास.

तिथे आपण दोरीला दगड बांधून प्लॅस्टिकचा कॅन तरंगत सोडला. सुकलालभाऊंनी बुडी मारली. वर आले ते पाणी थुंकत, हसत. "पानीनी मन्हा हात फेकी दिन्हा!" पाइपाच्या सांध्याजवळ फट होती, आणि तिच्यातून येणाऱ्या पाण्याने त्यांचा हात उडवून लावला होता. काठावर आरडाओरडा सुरू झाला. आबांनी शेवटी छत्री उघडली, आणि ती वर धरून नाचले.

पाइपाला पट्टा बसला, टाकी भरली. नळाला पाणी आलं तेव्हा गावाने आपल्याला बोलावलं होतं. शाल, नारळ, हार सगळं तयार होतं. तुम्ही हार बाजूला सारलात आणि सरळ वहिनींच्या अंगणात गेलात. हंडा नळाखाली लावलात. तो भरला तरी उचलला नाहीत. पाणी काठावरून वाहू दिलंत, तुमच्या पायांवरून, चपलांवरून. "पानी उनं!" वहिनी सगळ्या गल्लीला सांगत होत्या, जणू गल्लीत दुसऱ्या कुणाच्या नळाला आलंच नव्हतं. पुढे समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्राने आपला धागा मागवून घेतला, त्याचा लेख छापून आला, विद्यापीठात टाळ्या झाल्या. त्यातलं काही मला त्या अंगणाएवढं वाटत नाही.

परतीच्या वाटेवर तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला होतात. मला वाटलं, हरल्याचं दुःख असेल. पारोळ्याचा किल्ला मागे पडला आणि तुम्ही म्हणालात, "वायरीवर चांगलं आवरण घातलं असतं आणि वर फिल्टर लावला असता, तर माझ्यानेही ऐकलं असतं."

"नसतं ऐकलं, अक्का."

"ऐकलं असतं."

जळगाव येईपर्यंत तेच. त्यानंतर दोन वर्षं तेच. तुम्ही निवृत्त झालात, हृदयाचं दुखणं निघालं, मुलीने धुळ्याला नेलं, तरी तेच. मी धुळ्याला भेटायला आलो की तुम्ही उशीला टेकून सर्किटची आकृती हवेत बोटाने काढायच्या. शेवटी मी म्हटलं, काय तो फिल्टर करूनच टाकू, म्हणजे विषय संपेल. तुम्ही सांगत गेलात, मी जोडत गेलो. उन्हाळ्यात माहेरी जाऊन बघायचं ठरलं होतं. तुमची मुलगी सांगते, त्या दुपारी जेवून पडलात, तिला म्हणालात, इरफानला विचार गाडी कधी काढतो. मग झोपलात आणि उठलाच नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला कधी म्हणालो नाही. तुम्ही माझ्याशी गोड बोलल्या असत्या तर माझा धागा अजून त्या भरीव दांड्यावर असता. आभार मानले असते तर तुम्ही म्हणाल्या असत्या, मस्का नको लावू. म्हणून राहिलं. आता थांबवायला कुणी नाही, तर मानतो. मनापासून मानतो, अक्का.

आणि आता बातमी. ती सांगायलाच मी बसलो आहे.

पाणीयोजनेवाले दर उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडून पाइप तपासून घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. या वर्षीही निरोप आला. मला जायचं मन नव्हतं. दहावा झाल्यावर नाना स्वतः कॉलेजात आले. कपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तिचं पण घे. मी येतो."

काल गेलो होतो. सुकलालभाऊंचीच नाव. नाना आयुष्यात पहिल्यांदा नावेत बसले, फळी घट्ट धरून. तुमचा डबा त्यांनीच पाण्यात सोडला, नवी वायर, नवा फिल्टर. हेडफोन त्यांच्या कानाला, माझे माझ्या. पंप चालू, केबलमध्ये वीज. मी माझं ऐकत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होतो. काठाजवळच्या सांध्यापाशी आलो तसे नाना ताठ झाले. हा तुमचा नवरा, अक्का, ज्याचा वर चढलेला आवाज मी इतक्या वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी माझा दंड पकडला आणि असे ओरडले, की काठावरच्या बाभळीतले बगळे उडाले.

"आलं! इरफान, आलं! ती म्हणत होती ना!"

सुकलालभाऊंनी बुडी मारली. सांध्याला दोऱ्याएवढी फट होती. यावेळी ती मोठी व्हायच्या आतच सापडली, टाकी एक दिवसही रिकामी राहिली नाही. नाना काठावर येईपर्यंत हेडफोन काढायला तयार नव्हते. आबांना त्यांनी मिठी मारली, वहिनींना सांगितलं, रस्त्यात चहावाल्यालाही सांगितलं, की माझ्या बायकोच्या यंत्राने फूट शोधली.

तर अक्का, तुम्ही बरोबर होतात. फिल्टर लावल्यावर तुमच्या सिरॅमिकने ऐकलं. मी हे माझ्या हाताने लिहून देतो.

फक्त एवढंच, की माझ्या काचेने ती फट त्याच्याही थोडी आधी, नाव दोन-तीन वल्ही मागे असतानाच ऐकली होती. नानांना मी ते सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.